ठिणगीची निवड

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्यानें भिवंडीकडे निघालें म्हणजे खाडीवरील कशेळीच्या पुलाआधीं बाळकुम लागतें. तेथपर्यंतचा रस्ता गर्दीचा. मोटार चार पावलें चालते आणि पुन्हां थांबते. पुढें भिवंडी व शहापूर मागें टाकून तीच मोटार कसाऱ्याचा घाट चढूं लागली कीं, तिच्या इंजिनास क्षणाचीही उसंत मिळत नाहीं. एकाच दिवसांत एकाच इंजिनावर पडणारे हे दोन परस्परविरुद्ध भार ज्या वस्तूनें सोसावयाचे, ती जेमतेम बोटाएवढी आहे. तिचें नांव स्पार्क प्लग. ती बदलतांना कोणती घ्यावी हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याच्या उत्तरामागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा अनुभव सांठलेला आहे.

बेल्जममध्यें जन्मलेल्या एत्येन लेन्वार यानें 1860 सालीं पॅरिस येथें आपल्या गॅसच्या इंजिनांत विजेच्या ठिणगीचा उपयोग केला. तथापि मोटारगाडीस पुरेसा भरंवशाचा उपाय हातीं येण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. स्टुटगार्ट येथें रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरानें 1902 सालीं उच्च विद्युद्दाबाचा मॅग्नेटो आणि त्यास साजेसा प्लग सिद्ध केला, आणि वेगानें फिरणाऱ्या इंजिनास वेळेवर ठिणगी मिळूं लागली.

ठिणगी पाडली कीं प्लगचें काम संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्याची खरी कसोटी उष्णतेशीं आहे. प्लगच्या आंतील चिनी मातीसारख्या नळीचें टोक सुमारें 450 अंश सेंटिग्रेडच्या खालीं राहिलें तर त्यावर काजळी धरते, वीज त्या काजळीवाटे निसटते आणि इंजिन अडखळतें. उलट तें 850 अंशांच्या वर गेलें तर निखाऱ्यासारखें लाल होऊन ठिणगीची वाट न पाहतांच इंधन पेटवूं लागतें. मग दट्ट्या वर येत असतांनाच त्यावर स्फोटाचा आघात होतो, आणि क्वचित् त्यास भोंकही पडतें. ज्या प्लगच्या नळीचें टोक लांब, तो उष्णता सावकाश सोडतो व त्यास ‘गरम’ म्हणतात. टोक आंखूड असेल तर उष्णता चटकन् निघून जाते व तो ‘थंड’ ठरतो. शहरांत रेंगाळणाऱ्या, कमी दाबाच्या इंजिनास गरम प्लग मानवतो. दीर्घकाळ जोरानें चालणाऱ्या इंजिनास थंड प्लग हवा.

हा विवेक महाराष्ट्रांत घरोघरच्या परिचयाचा झाला तो कुर्ल्याच्या मोटारीमुळें. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून पुढें फियाट 1100 व तिचीच वंशज पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. 1951 सालीं स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीचे बंगळूरचे प्लगही याच काळांत देशभर मिळूं लागले. ही कंपनी बॉशच्या परिवारांतील असल्यामुळें तिच्या प्लगांवर बॉशचेच आंकडे असत.

आणि घोटाळा होतो तो या आंकड्यांतच. बॉशच्या जुन्या पद्धतींत 145, 175, 225 असे आंकडे असत व आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड. नंतर कंपनीनें पद्धत बदलली. 145 चा 8, 175 चा 7 आणि 225 चा 5 झाला, म्हणजे मोठा आंकडा आतां गरम प्लगाचा ठरला. अमेरिकेंतील चँपियनची रीत अशीच. परंतु 1936 सालीं नागोया येथें निघालेल्या एन.जी.के. या जपानी कंपनीनें मोठा आंकडा थंड प्लगास दिला. परिणामीं बॉशचा 8 हा जपानी 5 च्या जवळचा, आणि बॉशचा 5 हा जपानी 8 च्या जवळचा ठरतो. केवळ आंकडा जुळला म्हणून एकाऐवजीं दुसरा बसविणारा मनुष्य, नकळत, आपल्या इंजिनाचा स्वभावच पालटूं पाहतो.

म्हणून जाणते मिस्त्री नवा प्लग मागण्यापूर्वीं जुना काढून पाहत. फिकट तपकिरी रंग म्हणजे निवड योग्य. कोरडी काळी काजळी दिसली तर प्लग फार थंड, किंवा पेट्रोलचें प्रमाण अधिक. पांढराफटक, फोड आलेला प्लग धोक्याची सूचना देई. आट्यांची लांबीही ते ताडून पाहत. कारण आटे लांब असतील तर प्लग दट्ट्यावर आदळण्याची भीति, आणि आंखूड असतील तर ठिणगी बिळांत पडल्यासारखी दडून राहते. मुंबईच्या टॅक्सी पुढें नैसर्गिक वायूवर चालूं लागल्या, तेव्हां या विद्येत भर पडली. वायु पेटण्यास विद्युद्दाब अधिक लागतो, म्हणून ठिणगीची फट किंचित् कमी ठेवावी लागते. आणि वायूची काजळी फारशी धरत नसल्यामुळें रंगाची जुनी खूण तितकीशी उपयोगीं पडत नाहीं.

मुंबईंतील अखेरची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघाली. हल्लींच्या प्लगांस इरिडियमसारख्या, 2400 अंशांपलीकडे वितळणाऱ्या धातूचें टोक असतें व ते कितीतरी अधिक टिकतात. परंतु महाग प्लग म्हणजे योग्य प्लग नव्हे. टोकाची धातु आयुष्य वाढविते. उष्णतेचा मेळ मात्र इंजिनाशींच घालावा लागतो, आणि तो मेळ इंजिन बनविणाऱ्यानें आपल्या पुस्तिकेंत लिहून ठेविलेला असतो. बाळकुमच्या गर्दींत आणि कसाऱ्याच्या चढावर सारख्याच निष्ठेनें पडणारी ठिणगी दुकानदाराच्या शिफारशीवरून नव्हे, तर त्या पुस्तिकेंतील एका ओळीवरून निवडली जाते.