"पंप गेला" म्हणण्याआधी: हार्वेस्टरच्या हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हची गोष्ट

सोयाबीनचा हंगाम आला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मशीन गरम झालं की ओढतच नाही, पंप गेला." जुनं हार्वेस्टर घेतलेल्याला हे वाक्य लई महागात पडतं. पंप-मोटरची जोडी बदलायची म्हणजे हंगामाची कमाई गेली, आणि पुष्कळदा पंप धडधाकट असतो. हा पंप आला कुठून ते कळलं, की दुखणं कुठं शोधायचं तेही कळतं. म्हणून आज थोडं मागं जाऊ.

आपल्या सोलापुरात हार्वेस्टर उशिरा रुजलं, त्याला कारण ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी 35-1 आपण जेवढी भाकरीसाठी पेरतो तेवढीच कडब्यासाठी. हार्वेस्टर दाणे देतं, पण कडब्याची पेंढी देत नाही. त्यामुळं ज्वारीची काढणी हातानं, मळणी खळ्यावर आणि पुढं मळणी यंत्रावर, असंच चाललं. मोठं मशीन आलं ते गव्हाला, हरभऱ्याला आणि बार्शीकडच्या सोयाबीनला. तेही बहुतेक पंजाबातून. पंजाब ट्रॅक्टर्सनं 1980 मध्ये स्वराज 8100 आणलं, नाभ्यासारख्या गावांत कारखाने उभे राहिले. या मशिनांची चाल साधी: इंजिनापासून बेल्ट, कमी-जास्त होणारी पुली, क्लच, गिअरबॉक्स. बेल्ट तुटला तर बांधावर बसून बदलायचा. आपल्या मिस्त्रींचा हात यावरच बसला.

हायड्रोस्टॅटिकची कल्पना मात्र फार जुनी आणि शेतातली नव्हेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम्स आणि जॅनी या दोघांनी तेलावर चालणारी गती बदलण्याची यंत्रणा केली, ती युद्धनौकांवरच्या तोफा फिरवायला लागली. तोफ हळू फिरवायची, झटकन थांबवायची, उलटी फिरवायची, तेही गिअर न बदलता. शेतीत ती यायला अर्धं शतक गेलं. 1954 मध्ये इंग्लंडच्या सिल्सो इथल्या कृषी अभियांत्रिकी संस्थेनं तेलावर चालणारा ट्रॅक्टर करून दाखवला. 1960 च्या दशकात अमेरिकेत सुंडस्ट्रँडसारख्या कंपन्यांचे पंप शेतीच्या मशिनांत बसू लागले, आणि 1967 मध्ये इंटरनॅशनलचा 656 ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हसह बाजारात आला.

हार्वेस्टरला याचा फायदा सगळ्यात जास्त. पीक दाट लागलं तर चाल कमी करायची, पण ड्रमचे फेरे पडू द्यायचे नाहीत. इंजिन एकाच वेगात ठेवून नुसती लिव्हर मागं ओढली की झालं. भारतात 1990 च्या दशकात भाताच्या चिखलासाठी आलेल्या क्लासच्या क्रॉप टायगर या पट्ट्यावरच्या मशिनात हीच चाल होती. आपल्याकडं ऊस तोडणारी मोठी हार्वेस्टरंही तेलाच्याच जोरावर चालतात.

आता खरी गंमत बघा. पंपातली तिरकी थाळी जेवढी कलेल तेवढं तेल मोटरकडं जातं, आणि उलटी कलली की मशीन मागं जातं. तेच तेल बंद चक्रात फिरतं. पण पिस्टनच्या कडेनं थोडं तेल कायम झिरपतं. ही गळती बिघाड नव्हे, त्या तेलानंच भाग वंगणात राहतात. झिरपलेलं तेल भरून काढायला मागं छोटा चार्ज पंप असतो. तो उपाशी राहिला की मोठा पंप कितीही नवा असो, ओढणार नाही.

म्हणून मशीन थंड असतानाच ढिलं असेल तर मोठ्या पंपाकडं वळूच नका. तेलाची पातळी, ओढीचा फिल्टर, त्या नळीचे क्लिप बघा. तेलाला फेस आला म्हणजे नळी हवा ओढते. काही जुन्या मशिनांत इंजिनाकडून पंपाला बेल्टनंच जोर मिळतो, तो घसरतो आणि दोष पंपाला लागतो. ओढून नेण्यासाठीचा बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तरी हेच होतं. मग गेज लावून चार्जचं प्रेशर मोजा, आणि आकडा त्या मशिनाच्या पुस्तकाशी ताडा.

मशीन एकाच दिशेला ओढत असेल तर आधी लिव्हरचा दांडा नि केबल. ज्या पंपांत दोन्ही बाजूंचे रिलीफ व्हॉल्व्ह सारखेच असतात, तिथं इंजिन बंद करून, प्रेशर उतरवून त्यांची अदलाबदल करा. दुखणं दुसऱ्या दिशेला गेलं तर दोष व्हॉल्व्हचा.

सकाळी दणकून चालतं आणि दुपारी बसतं, तिथं प्रकरण दोन बाजूंचं आहे. उन्हात तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पिस्टनकडून जास्त झिरपतं. पण त्याआधी कूलर बघा. सोयाबीनचं भुसकट जाळीत घट्ट बसतं, वरून साफ दिसलं तरी दोन थरांच्या मधे भरलेलं असतं. कूलर साफ करून, योग्य तेल घालूनही दुपारी बसत असेल आणि चार्जचं प्रेशरही तापल्यावर पडत असेल, तेव्हाच पंप-मोटर उतरवायचा विषय काढा.

एक सांगतो, नळी कुठं गळते ते चालू मशिनावर हातानं चाचपू नका. तीनशे बारच्या वरचं तेल कातडीतून आत घुसतं, त्यात बोटं काढावी लागलेली माणसं आहेत. पुठ्ठा धरा.

जुनं मशीन घ्यायला जाल तर सकाळी गारव्यात बघून पैसे देऊ नका. दोन तास कापणी करा, दुपारी चढाला लावा, आणि फिल्टर कापून आत पितळी चुरा आहे का ते बघा.