काळ्या मेंदीचे झाड नसते

राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळवून, दळून, चाळून घेतलेले हे पान जयपूरच्या बाजारांत येते आणि खातीपुऱ्यासारख्या वस्त्यांतील घरांत केसांसाठी भिजवले जाते. त्याच बाजारात हिरव्या पानांचे चित्र छापलेली आणखी एक पुडी मिळते; तिच्यावर ‘काळी मेंदी’ असे लिहिलेले असते. वनस्पतिशास्त्राला मात्र अशी वनस्पती ठाऊक नाही. मेंदीची जाती एकच, लॉसोनिया इनर्मिस, आणि तिच्या पानातून निघणारा रंगही एकच, नारिंगी-तांबडा. मग घरोघरी केसांवर चढणारे बाकीचे रंग आले कोठून?

मेंदीच्या पानातील रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. पानाची पूड किंचित आंबट पाण्यात भिजवली की ते मोकळे होते आणि केसांतील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते. म्हणूनच धुतल्यावरही ते सहजी जात नाही. पांढऱ्या केसांवर ते लालभडक दिसते, तर काळ्या केसांवर उन्हात जाणवेल इतकीच तांबूस झाक येते. लॉसोन केसांवर रंगाची भर घालते, पण केसांचा मूळ रंग काढून घेत नाही.

काळा रंग मिळवण्याची भारतीय खटपट फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केशरंगाची कृती नोंदवली. कोद्रव, म्हणजे हरीक, लोखंडी भांड्यात आंबट द्रवात शिजवून लोहचूर्णासह त्याचा लेप केसांवर लावायचा, वर ओली पाने बांधायची आणि नंतर आवळ्याचा लेप द्यायचा. शेवटी लोखंडाचा वास घालवण्यासाठी सुगंधी द्रव्येही सांगितली आहेत. या कृतीमागचे रसायन आज उलगडून सांगता येते. आम्लात लोह विरघळते आणि आवळ्यातील टॅनिनशी त्याचा संयोग होऊन काळे संयुग बनते. काही जुन्या पोथ्यांच्या शाईतही हेच तत्त्व होते. आजही अनेक घरांत आवळकाठीसह मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजत ठेवतात, ती याच परंपरेतली. दुसरा मार्ग निळीच्या पानांचा. आधी मेंदी आणि मग नीळ लावली की तांबड्यावर निळा चढून केस काळपट दिसतात.

एकोणिसाव्या शतकात वाट बदलली. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून मिळणाऱ्या अॅनिलिनवर प्रयोग करताना जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. १८८०च्या दशकात त्याच कुळातील पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी, आणि तिची भावंडे केशरंगासाठी पुढे आली. या रसायनाची करामत वेगळी होती. त्याचे लहान, रंगहीन रेणू केसाच्या आत शिरतात. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते एकमेकांना जोडले जातात आणि मोठे, रंगीत रेणू तयार होतात. आकार वाढल्यामुळे ते पुन्हा बाहेर पडू शकत नाहीत. १९०९ मध्ये पॅरिसचे रसायनतज्ज्ञ यूजीन शुएलर यांनी केशरंगाची कंपनी काढली. तीच पुढे लॉरेआल झाली. तिच्या मूळ फ्रेंच नावात ‘निरुपद्रवी केशरंग’ असे शब्द होते. ग्राहकाच्या मनात भीती होती, म्हणूनच ते नावात घालावे लागले.

ती भीती निराधार नव्हती. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता आणि त्यात पीपीडी होते. त्यामुळे स्त्रियांना गंभीर इजा झाली, दृष्टी गेल्याच्या घटना घडल्या. १९३८ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने सौंदर्यप्रसाधने सरकारी नियंत्रणाखाली आणली. परंतु डांबरजन्य केशरंगांना त्यातून सवलत मिळाली. अट एवढीच की वेष्टनावर धोक्याची सूचना असावी, आधी त्वचेवर चाचणी घ्यायला सांगावे आणि रंग भुवया-पापण्यांना लावू नये असे बजावावे. भारतातही पीपीडीयुक्त कलपावर याच आशयाची सूचना नियमाने बंधनकारक आहे. खोक्यावरील त्या बारीक अक्षरांमागे असा इतिहास आहे.

आता पुन्हा काळ्या मेंदीकडे. अशा अनेक पुड्यांतील घटकांची यादी वाचली तर मेंदीसोबत पीपीडी आणि बेरियम पेरॉक्साइड ही नावे आढळतात. बेरियम पेरॉक्साइड ओले झाले की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते, म्हणून नुसत्या पाण्यात कालवलेली पूड थोड्याच वेळात केस काळे करते. हा रंग पानाचा नसून कलपाचाच असतो. ‘मेंदी आहे’ या समजुतीने चाचणी टाळली जाते आणि तेथेच धोका उद्भवतो. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. पहिल्या वेळी काहीच न होता पुढच्या एखाद्या वेळी टाळू आणि चेहरा सुजू शकतो. जत्रेत हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढून घेतलेल्या मुलाला त्याचा त्रास कित्येक वर्षांनी, पहिला कलप लावताना होऊ शकतो. युरोपीय संघात केसांवरील मिश्रणात पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक चालत नाही आणि त्वचेवर नक्षीसाठी त्याचा वापर मान्य नाही.

नव्या पिढीला हवे असलेले निळे, जांभळे, गुलाबी रंग बहुधा आयते रंगीत रेणू असतात. ते केसाच्या बाह्य थरांत बसतात आणि धुण्यागणिक फिकट होतात. पण काळ्या केसांवर ते उठून दिसत नाहीत, त्यासाठी आधी केसांतले मेलॅनिन घालवावे लागते. लुई थेनार यांनी १८१८ मध्ये शोधलेले हायड्रोजन पेरॉक्साइड येथेही कामी येते. मेंदी-निळीने वर्षानुवर्षे रंगवलेल्या केसांवर ते लावले तर निळीमुळे हिरवट छटा उमटू शकते. पुडीत धातूंचे क्षार मिसळलेले असतील तर पेरॉक्साइडशी त्यांची प्रक्रिया होऊन केस तापतात आणि तुटतात.

म्हणून घरी रंग लावण्याआधी गळालेल्या केसांच्या एका बटेवर तो लावून पाहावा. कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे थेंबभर रंग सूचनेनुसार लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा सूज आली तर ती पुडी वापरू नये. पूर्वी काळ्या मेंदीचा त्रास झालेल्यांनी घरी चाचणीही न करता त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पुडीवरील पानांच्या चित्रापेक्षा मागच्या बाजूची घटकांची यादी अधिक खरी असते. शुद्ध मेंदीच्या पुडीवर घटक एकच लिहिलेला असतो, आणि तिचा रंग तांबडाच येतो.