सडा आणि उतार : तळेरे ते गगनबावडा

तळेऱ्याहून वैभववाडीमार्गे करूळ घाट चढून गगनबावड्यास जाणारा मुलूख एके काळी सर्वत्र निबिड अरण्याने व्यापलेला होता व पुढे कुऱ्हाडीने तो उघडा पाडला, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान निम्मेच ग्राह्य आहे.

शेतकऱ्याच्या बोलीत उघड्या जमिनीस एकच नाव नाही. जांभ्या दगडाचे सपाट पठार तो ‘सडा’ म्हणतो. नाचणी-वरीच्या उताराला ‘वरकस’. पहिला शब्द भूमीचे रूप सांगतो, दुसरा तिचा उपयोग. हा भेद वरवरचा नव्हे. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर प्रागैतिहासिक मानवाने आकृती खोदल्या आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. मातीखाली दडलेल्या खडकावर कोणी चित्र खोदीत नाही. तेथील कातळ त्या काळीही उघडाच असला पाहिजे. दूर दक्षिणेस नीलगिरीतील दलदलीच्या मातीचे थर तपासून रामन सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली असेच दाखविले, की गवत आणि अरण्य यांचे प्रमाण गेल्या सुमारे २०,००० वर्षांत हवामानानुसार पालटत आले आहे. तेव्हा प्रत्येक माळ हा अरण्याचा अवशेष मानण्याचे कारण नाही.

उतारांची कथा निराळी आहे. भाताच्या तरव्यासाठी झाडांच्या फांद्यांचे ‘कवळ’ तोडून शेतात भाजावळ करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि खुरटलेली झाडे हे तिचेच फळ होय. त्यात जहाजबांधणीची भर पडली. इ. स. १७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ ज्यांच्या नावावर आहे ते रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्या घराण्याची जहागीर याच घाटमाथ्यावरील बावड्याची. आरमारासाठी सागवान तोडावे, परंतु रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, जीर्ण झाड हवेच असेल तर मालकास राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी त्यातील शिकवण आहे. लाकूड मुबलक असते, तर एवढी ताकीद कशास लिहावी लागली असती? पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांची विभागणी पक्की केली.

आज उतार पुन्हा हिरवे दिसतात, ते बहुतांशी काजूमुळे. हे झाड पोर्तुगीजांनी आणले; त्याचे नावही ब्राझीलच्या तुपी भाषेतून त्यांच्याच मुखाने आले. महाराष्ट्र शासनाने १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडल्यानंतर कलमे सड्यावरही चढली : सुरुंगाने कातळ फोडावयाचा, खड्ड्यात बाहेरची माती भरावयाची. पावसाळ्यातील चार महिनेच फुलणाऱ्या सड्यावरील वनस्पतींना तेथे जागा उरत नाही. सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद ‘पोटखराब’ एवढीच असते.