कागदी इंजिन आणि पाच नावं

कॅनडातला हिवाळा माणसाला काय काय करायला लावेल, सांगता येत नाही. कोणी तबला शिकतं, कोणी घरी पाव भाजायला लागतं. मी कागदाचं इंजिन केलं. एमएस करायला म्हणून देश सोडला, पुढे आयटी कन्सल्टंट झालो, आणि आता चाळिशीत रोज रात्री जेवणाचं टेबल आवरून कात्री, कटर, पट्टी आणि फेविकॉल घेऊन बसायला लागलो! पण मंडळी, ज्यानं लहानपणी आकाशकंदिलाच्या करंज्या चिकटवल्या आहेत, त्याला हे वेड समजावून सांगायला नको.

कागदी मॉडेल म्हणजे घडीची होडी नव्हे. जाड कागदावर छापलेले शेकडो भाग कापायचे, घडीच्या रेषेवर हलकेच चरा पाडायचा, आत पुठ्ठ्याचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर कागदाची कातडी चढवायची. कापलेली पांढरी कड दिसू नये म्हणून तिला रंग लावायचा. हा छंद चांगलाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये 'मायक्रोमॉडेल्स' नावाची छोटी छापील कार्डं लोकप्रिय झाली. पोलंडमध्ये तर १९५७ पासून यासाठी खास मासिक निघू लागलं. जिथे लाकूड, धातू महाग, तिथे कागद धावून आला.

मी निवडलेलं इंजिन ब्रिटिश, पण त्याचं घर कॅनडात आहे. नाव 'डोमिनियन ऑफ कॅनडा', मुक्काम मॉन्ट्रियलजवळ सेंट-कॉन्स्टंट इथलं 'एक्सपोरेल' हे रेल्वे संग्रहालय. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली यांनी १९३५ साली 'ए-फोर' जातीची इंजिनं आणली. वारा कापणारं उतरतं नाक, गोलाई घेतलेलं अंग. अशी एकूण ३५ इंजिनं झाली. त्यातल्याच 'मॅलार्ड'नं ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. धूर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून नमुन्यावर प्रयोग चालले होते, तेव्हा धुराड्यामागे चुकून अंगठ्याचा ठसा उमटला आणि नेमका त्या खळग्यामुळे धूर वर उचलला गेला, असा किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, मॉडेल करणाऱ्यांना तो फार आवडतो.

माझ्या संचात शेवटच्या पानावर नावाच्या पाच पट्ट्या होत्या. हवी ती लावा. आणि इथे माझा इतिहासाचा अभ्यास सुरू झाला.

१९३७ च्या मे महिन्यात सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. त्या निमित्तानं ५ जुलैपासून लंडन ते एडिंबरा 'कॉरोनेशन' ही नवी गाडी सुरू झाली. सुमारे ६३० किलोमीटर, सहा तासांत. तिच्यासाठी पाच इंजिनं निळ्या रंगात, लाल चाकांनिशी सजवली आणि साम्राज्यातल्या पाच देशांची नावं त्यांना दिली. कॅनडाच्या इंजिनाचं आधीचं नाव 'वुडकॉक' होतं, ते बदललं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं त्याला इथल्या धर्तीची घंटा भेट दिली, ती धुराड्यापुढे बसवली. माझ्या मॉडेलमधला सर्वांत त्रासदायक भाग हाच, तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा!

आता ती पाच नावं एकाखाली एक वाचा. युनियन ऑफ साउथ आफ्रिका. डोमिनियन ऑफ कॅनडा. एम्पायर ऑफ इंडिया. कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया. डोमिनियन ऑफ न्यूझीलंड. चौघांकडे आपापला कारभार होता. दक्षिण आफ्रिकेत तो गोऱ्यांपुरताच, हेही खरं. पाचातलं एकच नाव साम्राज्याचं, आणि ते आपलं. १९२८ च्या नेहरू अहवालानं डोमिनियनचा दर्जा मागितला होता. तो मिळाला नाही, आणि १९२९ च्या अखेरीस लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. ज्या जुलैमध्ये ही गाडी धावू लागली, त्याच जुलैत बाळासाहेब खेर यांनी मुंबई प्रांताच्या प्रधानपदाची सूत्रं घेतली. मुंबईत लोकांनी निवडून दिलेल्यांचं मंत्रिमंडळ आणि लंडनच्या स्टेशनात 'एम्पायर ऑफ इंडिया'! शाळेत सनावळ्या पाठ केल्या, पण हा फरक इतका स्वच्छ मला बोटाच्या पेराएवढ्या कागदी पट्टीनं दाखवला.

पुढे देश स्वतंत्र झाला, १९५० साली प्रजासत्ताक झाला. इंजिनाचा नंबर बदलला, रंग बदलला, नाव मात्र तेच राहिलं. स्वातंत्र्यानंतर १७ वर्षं 'एम्पायर ऑफ इंडिया' ब्रिटनमध्ये धावत होतं. १९६४ साली ते सेवेतून काढलं आणि भंगारात गेलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या इंजिनांचंही तेच झालं. कॅनडाचं इंजिन १९६५ साली निवृत्त झालं, पण १९६६ साली भेट म्हणून जहाजातून इकडे आलं. २०१३ साली 'मॅलार्ड'च्या विक्रमाच्या पंचाहत्तरीला, वाचलेली सहाही भावंडं यॉर्कला एकत्र आली, तेव्हा तेही तिकडे जाऊन आलं.

आपलं इंजिन भारतात आणायला हवं होतं का? भावनेला बाजूला ठेवून सांगायचं तर रुळांची अडचण होतीच. ब्रिटन आणि कॅनडाचे रूळ एकाच मापाचे, १४३५ मिलिमीटर. आपले मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरचे. ज्या देशाचं नाव मिरवलं, त्या देशाच्या मुख्य मार्गावर ते इंजिन धावूच शकलं नसतं! शिवाय ते नाव स्वतंत्र देशानं कौतुकानं जपावं, असंही नव्हतं.

तरीही मी दुसरा संच छापून 'एम्पायर ऑफ इंडिया' केलं. नाव आवडलं म्हणून नाही. न आवडणारा इतिहासही आपलाच असतो, आणि तो डोळ्यांसमोर असला की मुलं प्रश्न विचारतात. आमच्या मुलीनं विचारलाच, "बाबा, कॅनडा डोमिनियन, मग इंडिया एम्पायर का?" या एका प्रश्नावर आमचा अख्खा शनिवार गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनंसुद्धा आज उरलेली नाहीत. लोखंड वितळतं, विकलं जातं. अशा वेळी आकृती आणि कागद हाच आधार.

मॉन्ट्रियलकडे गेलात तर मुलांना घेऊन सेंट-कॉन्स्टंटला जरूर जा. ते निळं इंजिन डोळे भरून पाहा, आणि त्याच्या न उरलेल्या भारतीय भावंडाची गोष्टही मुलांना तिथेच सांगा. संग्रहालयातल्या पाटीची वाट पाहू नका. ती गोष्ट सांगायचं काम आपलं आहे.