कॉफीच्या भांड्यापासून गुरूच्या डागापर्यंत

१९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांपुढे एक साधी अडचण होती. कॉफीचे यंत्र एका खोलीत आणि कॉफी पिणारे इमारतभर विखुरलेले. जिने उतरून जावे, तर भांडे रिकामे! त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचे चित्र आपापल्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. वेबकॅमची गोष्ट बहुतेक वेळा या भांड्यापासून सांगितली जाते. १९९४ मध्ये कनेक्टिक्स या अमेरिकन कंपनीने ‘क्विककॅम’ हा चेंडूसारखा गोल कॅमेरा सुमारे शंभर डॉलरना विकायला काढला. त्याचे चित्र ३२० गुणिले २४० ठिपक्यांचे, रंगहीन, राखाडीच्या १६ छटांतले. समोरासमोर बसल्यासारखे बोलता यावे, एवढाच त्याचा उपयोग अपेक्षित होता.

त्याच कुळातल्या कॅमेऱ्यांनी पुढच्या दहा वर्षांत हौशी खगोलनिरीक्षणाचे रूप पालटले. हे घडले ते कॅमेऱ्यात काही भारी भाग बसवल्यामुळे नव्हे. तीन महत्त्वाच्या पायऱ्यांवर लोकांनी काहीतरी काढून टाकले, अडवले किंवा फेकून दिले. ते काय आणि का, हे आपण क्रमाने पाहू.

भिंग काढले

वेबकॅमच्या पोटात असे तो सीसीडी संवेदक. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी त्याची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रकाशाचा कण सिलिकॉनवर पडला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो. संवेदकावरच्या चौकोनांत, म्हणजे पिक्सेलमध्ये, असे इलेक्ट्रॉन साठतात आणि नंतर रांगेने बाहेर काढून मोजले जातात. छायाचित्रणाची फिल्म शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम दोन-तीन कणांची नोंद करते, तर चांगला सीसीडी निम्म्याहून अधिक कणांची. १९७० च्या दशकातच मोठ्या वेधशाळांनी हे ओळखले होते. मात्र त्यांचे सीसीडी कॅमेरे शाळेच्या किंवा हौशी माणसाच्या आवाक्यातले नव्हते. वेबकॅममुळे सीसीडी घरोघरी आला.

तो दुर्बिणीला जोडायचा कसा? दुर्बिणीचे वस्तुभिंग किंवा आरसा स्वतःच प्रतिमा तयार करतो. ती प्रतिमा नेमकी संवेदकावर पडली की काम झाले. मग वेबकॅमचे स्वतःचे छोटे भिंग मध्ये कशाला? ते आट्यांवरून फिरवून काढून टाकले. नेत्रिका जिथे बसते ती नळी बहुतेक दुर्बिणींत सव्वा इंच व्यासाची असते. ३५ मिलिमीटर फिल्म ज्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळे, ती डबी त्या नळीत जवळजवळ बरोबर बसते! तळ कापलेली डबी वेबकॅमच्या तोंडाला चिकटवली की जोडणी तयार. कित्येकांचा पहिला खगोलकॅमेरा असाच बनला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागली. भिंगाबरोबर अवरक्त किरण अडवणारी काचही अनेकदा निघून जाते. सिलिकॉनला अवरक्त किरण ‘दिसतात’ आणि भिंगाच्या दुर्बिणीत ते दृश्य प्रकाशापेक्षा वेगळ्या ठिकाणी एकवटतात. म्हणून प्रतिमा धूसर होते. त्यामुळे तेवढी एक काच पुन्हा बसवावी लागते. आरशाच्या दुर्बिणीत हा दोष येत नाही, कारण परावर्तन सर्व रंगांना सारखेच वागवते.

स्पंद अडवला

चंद्र आणि ग्रह या जोडणीतून दिसू लागले, पण तेजोमेघ आणि दीर्घिका दिसेनात. त्याचे कारण सोपे आहे. पावसाळ्यात पागोळ्यांखाली मांडलेली भांडी डोळ्यांसमोर आणा. भुरभुर पावसात भांडे भरायला वेळ द्यावा लागतो. वेबकॅम मात्र प्रत्येक भांडे सेकंदातून अनेकदा उपडे करतो, कारण त्याला हलते चित्र दाखवायचे असते. अंधूक तेजोमेघाचा प्रकाश साठायच्या आतच सांडून जातो.

१९९८ पासून अशा कॅमेऱ्यांवर प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट जमला होता. २००१ च्या सुमारास ब्रिटनमधील स्टीव्ह चेंबर्स यांनी फिलिप्स कंपनीच्या वेबकॅमवर उपाय शोधला. संवेदकाला भांडी रिकामी करण्याचा आणि वाचण्याचा हुकूम विद्युत्-स्पंदांच्या रूपाने दुसऱ्या एका चिपकडून येतो. चेंबर्स यांनी हे स्पंद मध्येच अडवण्याची सोय केली आणि तिचे नियंत्रण संगणकाच्या प्रिंटरच्या जोडणीकडे दिले. संगणक ‘थांब’ म्हणेल तोवर स्पंद पोचत नाही, आणि भांडी भरत राहतात. मिनिटभराने ‘सोड’ म्हटले की साठलेले सारे एका चित्रात बाहेर येते. यासाठी लागले ते चार-दोन किरकोळ घटक, अगदी बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री आणि चिपचा केसासारखा पाय न मोडता उचलण्याइतका स्थिर हात.

यातून नवी प्रश्नमाला निघाली. प्रकाश नसतानाही उष्णतेने काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि लांब उद्भासनात ते चित्रभर ठिपके उमटवतात. मग झाकण लावून तेवढ्याच वेळाचे ‘काळे चित्र’ घ्यायचे आणि ते मूळ चित्रातून वजा करायचे. कोणी मागे पंखा बसवला, कोणी विजेवर थंड होणारी पेल्टिए चकती लावली. संवेदकावरचा प्रवर्धक स्वतःच मंद उजळतो आणि चित्राचा एक कोपरा गढूळ करतो, असे दिसल्यावर उद्भासन चालू असताना त्याचा पुरवठा तोडण्याची युक्ती निघाली. प्रत्येक दोष हा प्रश्न बनला आणि त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडले.

वाईट चित्रे टाकली

ग्रहांची अडचण याच्या उलट होती. तिथे प्रकाश पुरेसा होता, पण हवा स्वस्थ राहत नव्हती. तापलेल्या रस्त्यावरचे दृश्य थरथरते, तशी वातावरणातली प्रतिमा सतत थरथरते. लांब उद्भासनात ही सारी थरथर एकमेकींत मिसळते आणि बारकावे पुसले जातात.

१९७८ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी एक प्रश्न विचारला: हवा बदलण्याआधी, सेकंदाच्या एखाद्या शतांशात चित्र घेतले, तर ते योगायोगाने स्वच्छ येण्याची शक्यता किती? उत्तर दोन लांबींच्या गुणोत्तरावर ठरते. एक म्हणजे दुर्बिणीचा व्यास, आणि दुसरी म्हणजे हवा जेवढ्या रुंदीपुरती एकसारखी मानता येते ती लांबी. ही लांबी ५ सेंटिमीटर धरू. मग फ्राइड यांच्या आकड्यांप्रमाणे १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीत जवळजवळ प्रत्येक चित्र चांगले येईल, २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीत साधारण तीनांतले एक, ३५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीत साडेतीनशेंतले एक आणि ५० सेंटिमीटरच्या दुर्बिणीत दहा लाखांतले एक. म्हणजे या खेळात नशीब लहान दुर्बिणीच्या बाजूने आहे!

मात्र त्यासाठी शेकडो, हजारो चित्रे भराभर घेऊन त्यांतली निवडायला हवीत. फिल्मवर हे परवडणारे नव्हते. वेबकॅम मात्र नेमके हेच करतो. अंधूक तेजोमेघांसाठी जो त्याचा अवगुण होता, तोच ग्रहांसाठी गुण ठरला. सेकंदाला १० चित्रे या वेगाने दोन मिनिटांत १२०० चित्रे जमतात. ती हाताने निवडणे जिकिरीचे. २००२ मध्ये नेदरलँड्समधील कोर बेरेव्हूट्स यांनी ‘रेजिस्टॅक्स’ हा संगणकीय कार्यक्रम मोफत उपलब्ध करून दिला. तो चित्रांची प्रतवारी लावतो, वाईट चित्रे वगळतो, उरलेली एकमेकांवर अचूक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो.

सरासरीने काय मिळते? प्रत्येक चित्रात खरा तपशील असतो आणि त्याबरोबर यादृच्छिक गोंधळही असतो. तपशील प्रत्येक चित्रात तोच असतो, गोंधळ मात्र दर वेळी वेगळा. चित्रांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाच्या पटीने गोंधळ कमी होतो. १०० चित्रांनी १० पट, ९०० चित्रांनी ३० पट.

या पद्धतीची कसोटी २००३ मध्ये लागली. २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. गेल्या सुमारे ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. तरीही त्याची चकती केवळ २५ विकला रुंद होती (एक अंश म्हणजे ३६०० विकला). २५ मिलिमीटर व्यासाचे जुने रुपयाचे नाणे दोनशे मीटरवरून दिसेल, तेवढी. फिलिप्सच्या ‘टूयूकॅम प्रो’चे पिक्सेल ५.६ मायक्रॉनचे होते. दोन मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत एक पिक्सेल सुमारे ०.५८ विकला व्यापतो, म्हणजे मंगळाची चकती ४३ पिक्सेलची. मध्ये दुप्पट करणारे बार्लो भिंग घातले, तर ८६ पिक्सेलची. एवढ्या जागेत हौशी निरीक्षकांनी ध्रुवावरची आक्रसत जाणारी बर्फाची टोपी आणि पृष्ठभागावरचे गडद प्रदेश स्वच्छ टिपले.

गुरूवरचे डाग

१९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना आपल्या ३७ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून घेतलेल्या चित्रांत गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक नवा काळा डाग दिसला. त्यांनी लगेच इतरांना कळवले आणि हवाईमधील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तो आघाताचाच डाग असल्याची खात्री केली. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले त्याला तेव्हा बरोबर १५ वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी, ३ जून २०१० रोजी, गुरूवर सुमारे दोन सेकंद एक ठिणगी चमकली. वेस्ली यांनी ती ऑस्ट्रेलियातून आणि ख्रिस्तोफर गो यांनी फिलिपिन्समधून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे टिपली. दोन ठिकाणची नोंद जुळल्यामुळे कॅमेऱ्यातल्या दोषाची शंका उरली नाही. आदळलेली वस्तू साधारण १० मीटरची असावी असा अंदाज निघाला. तोवर वेबकॅमची जागा अधिक चांगल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी घेतली होती, पण पद्धत वेबकॅमच्या दिवसांतलीच होती. मोठ्या दुर्बिणी रोज रात्रभर गुरूकडे पाहत बसू शकत नाहीत. हौशी निरीक्षक बसतात. म्हणूनच २०१६ मध्ये गुरूजवळ पोचलेल्या ज्युनो यानाच्या चमूनेही हौशी निरीक्षकांची चित्रे मागवली.

वर्गासाठी

आज ग्रहांसाठी तयार कॅमेरे मिळतात आणि कवच उघडण्याची गरज पडत नाही. सोय झाली, पण आत काय चालते हे विद्यार्थ्याला कळण्याची एक संधीही गेली. ती परत आणणे आपल्या हाती आहे. अनेक शाळांच्या कपाटात एखादी लहान दुर्बीण बंद पडून असते. वर पाहिल्याप्रमाणे ‘लहान’ हा तिचा दोष नव्हे. एखादा टाकाऊ वेबकॅम विद्यार्थ्यांसमोर उघडावा, भिंग, काच आणि संवेदक ओळखायला लावावेत. वेबकॅम नसेल तर नेत्रिकेवर मोबाइल घट्ट धरूनही गुरूची दोन मिनिटांची चित्रफीत घेता येते. चित्रे एकत्र करणारे कार्यक्रम मोफत मिळतात. सूर्याकडे मात्र दुर्बिणीच्या तोंडावर योग्य गाळणी बसवल्याशिवाय दुर्बीण कधीही वळवू नये.

मग फितीतले एक सुटे चित्र आणि शेकडो चित्रांच्या सरासरीतून निघालेले चित्र फळ्यावर शेजारी-शेजारी लावावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे: दुर्बीण तीच, कॅमेरा तोच, रात्रही तीच. मग दुसऱ्या चित्रातला जास्तीचा तपशील आला कुठून?