पदवीवरचं नाव

आपल्या धावड्याच्या पोरी कॉलेजला जातात. त्यांच्या मार्कमेमोवर नाव असतं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. हे नाव सहज लागलेलं नाही.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यातली गरिबाची लेकरं तिथं शिकली. विद्यापीठ आलं १९५८ साली. त्याला बाबासाहेबांचं नाव द्या, अशी मागणी दलित विद्यार्थ्यांनी लावून धरली. काही सवर्ण पोरंही त्यांच्यासोबत उभी राहिली.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळानं ठराव केला आणि विरोध पेटला. विरोधातही विद्यार्थीच पुढं होते. मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. वाद विद्यापीठाच्या नावाचा. घर मात्र जळालं मजुरी करणाऱ्या बाईचं, जिनं कॉलेजची पायरीही पाहिली नव्हती.

ठराव अडकला, मागणी थांबली नाही. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. लोक तुरुंगात गेले, त्यात बायाही होत्या. शेवटी १४ जानेवारी १९९४ला, संक्रांतीच्या दिवशी, नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली.

गटाच्या बैठकीला आपण सगळ्या एका सतरंजीवर बसतो. पण संक्रांतीचं वाण घेऊन गावातल्या प्रत्येक वस्तीत जातो का? आम्ही आमच्या गटात हे विचारलं, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. यंदा जायचं ठरवलंय. तुम्हीही आपल्या गटात विचारून बघा.