पोकळ बॅट आणि पंचाचा डोळा

डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथील कसोटी सामन्यात ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन खेळावयास उतरला. इंग्लंडचा कर्णधार माईक ब्रिअर्ली याने हरकत घेतली, पंचांनी बॅट बदलावयास सांगितले आणि लिलीने ती रागारागाने भिरकावून दिली. पुढे १९८० च्या नियमसंहितेत बॅटचे पाते लाकडाचेच असले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले गेले. क्रिकेटने हा प्रश्न असा झटपट निकालात काढला. अमेरिकेतील शाळकरी बेसबॉलच्या नशिबी मात्र हे सुख नव्हते. तेथे त्याच दशकात धातूची बॅट राजरोसपणे मैदानात शिरली, आणि एकदा घरात घेतलेल्या या पाहुणीला शिस्त लावता लावता चाळीस वर्षे निघून गेली.

तिला घरात घेण्याचे कारण अगदी साधे होते. बेसबॉलची बॅट गोल दांडक्यासारखी असते; लाकडाची असली म्हणजे हंगामात कितीतरी मोडतात, आणि त्यांची भरपाई शाळांच्या तुटपुंज्या पैशांतून करावी लागते. ॲल्युमिनियमची बॅट मोडत नाही. १९७४ साली महाविद्यालयांच्या संघटनेने तिला परवानगी दिली आणि शाळांतही ती लवकरच रुळली. व्यावसायिक संघांनी मात्र लाकूड सोडले नाही. परिणामी, पिळदार दंडांचे पुरुष लाकडी बॅटने खेळत आहेत आणि मिसरूड न फुटलेली पोरे धातूच्या, असा उफराटा प्रकार सुरू झाला. (काटकसरीसाठी आलेल्या या बॅटची किंमत पुढे शेकडो डॉलरांवर गेली, ही गोष्ट वेगळी.)

उफराटा म्हणण्याचे कारण त्या बॅटच्या पोटात आहे. भरीव लाकडावर चेंडू आदळला की चेंडूच चेपतो आणि त्याची बरीचशी शक्ती वाया जाते. धातूच्या पोकळ नळीची भिंत चेंडूबरोबर क्षणभर आत दबते व उसळी घेऊन ती शक्ती परत करते. त्यातून ही बॅट हलकी, म्हणजे फिरवण्यासही चपळ. आता समोर कोण उभा असतो ते पाहावे. चेंडू फेकणारा पिचर फलंदाजापासून साठ फूट सहा इंचांवर असतो. फेकीच्या झोकाने तो आणखी पाच-सहा फूट पुढे येतो. ताशी शंभर मैलांच्या वेगाने परतणारा चेंडू त्याच्या तोंडाशी पोहोचावयास सेकंदाचे चार दशांशही लागत नाहीत, आणि त्या वेळी त्याचा तोल पुरता सावरलेलाही नसतो.

१९९८ मध्ये महाविद्यालयीन अजिंक्यपदाचा अंतिम सामना २१-१४ अशा धावसंख्येने संपला, तेव्हा हा बेसबॉल आहे की आणखी काही, असा प्रश्न जाणत्यांना पडला. दुसऱ्याच वर्षी नियम आवळले गेले. बॅटची जाडी सव्वादोन नव्हे, पावणेतीनही नव्हे, तर दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचांपर्यंतच. आणि तिचे औंसांतील वजन इंचांतील लांबीच्या आकड्याहून तिनापेक्षा अधिक कमी असता कामा नये. परतणाऱ्या चेंडूच्या वेगाचीही चाचणी ठरली, आणि थोड्याच वर्षांत शाळांनी हे सारे स्वीकारले. परंतु चाचणी होत असे कोऱ्या बॅटची. पुढे आलेल्या कृत्रिम तंतूंच्या बॅटी तर वापराने मऊ पडून अधिकच जोमदार होत!

दरम्यान २००३ साली माँटाना राज्यात शाळकरी वयाच्या खेळाडूंच्या एका सामन्यात अठरा वर्षांचा पिचर असाच चेंडू डोक्याला लागून मरण पावला. त्याच्या कुटुंबाने बॅटच्या कारखानदारावर दावा लावला. बॅटमध्ये दोष नव्हता, पण तिच्या धोक्याची सूचना दिली नव्हती, असे मानून ज्यूरीने २००९ मध्ये साडेआठ लाख डॉलर भरपाई ठरविली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निकाल कायम केला. तत्पूर्वी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने महापौर ब्लूमबर्ग यांचा नकाराधिकार डावलून शहरातील माध्यमिक शाळांच्या सामन्यांत धातूच्या बॅटींवर बंदी घातली होती. कारखानदार न्यायालयात गेले आणि हरले. त्याच वर्षी नॉर्थ डाकोटाच्या शाळा आपण होऊन लाकडाकडे वळल्या.

देशातील इतर शाळांसाठी राष्ट्रीय महासंघाने १ जानेवारी २०१२ पासून ‘बीबीकॉर’ नावाचे नवे माप लागू केले. टकरीपूर्वीच्या सापेक्ष वेगाचा निम्म्याहून अधिक भाग टकरीनंतर उरता कामा नये, हे त्याचे सार. भरीव लाकडाची उसळी साधारण तेवढीच. महाविद्यालयांनी ते एक वर्ष आधी स्वीकारले होते. तेथे प्रत्येक संघाच्या ‘होम रन’ची सरासरी सामन्यामागे ०.९४ वरून एकदम ०.५२ वर उतरली. आकडा योग्य निवडला गेला होता, यात संशय नाही.

पण तो मैदानावर राबवावयाचा कोणी? मंजूर बॅटवर अर्ध्या इंचाहून लहान नसलेला चौकोनी शिक्का असतो. भरीव, एकसंध लाकडाच्या बॅटला त्याची गरज नाही. सामन्यापूर्वी पंच दोन्ही प्रशिक्षकांना विचारतो, की तुमच्या खेळाडूंचे साहित्य नियमाप्रमाणे आहे ना? दोघेही ‘आहे’ म्हणतात. बेकायदा बॅट घेऊन फलंदाज आपल्या चौकटीत उतरला की तो बाद. फटका मारून झाल्यावर पुढच्या फेकीपूर्वी ती उघडकीस आली, तर शिक्षा घ्यावी की घडलेला परिणाम मान्य करावा, हे क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने ठरवावयाचे. आणि शिक्षा पोरापाशी थांबत नाही. पहिल्या गुन्ह्याला मुख्य प्रशिक्षकाला बाकावर जखडून ठेवतात, दुसऱ्याला मैदानाबाहेर काढतात. शब्द त्याने दिलेला असतो, हे लक्षात घेता यात अन्याय काहीच नाही.

चोरी मात्र शिक्क्याच्या आत शिरली आहे. बॅटचे टोपण काढून आतली भिंत तासून पातळ करतात, किंवा तंतूंची बॅट रुळांमध्ये दाबून आधीच मऊ करतात. असा बदल नियमाने निषिद्धच. पण भिंत किती दबते हे पाहण्याचे यंत्र गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर कोठून असणार? पंच बॅट हातात घेतो, फिरवून पाहतो, परत देतो. शिक्का जागच्या जागी असतो.